डोळ्यांवर हेडसेट, हातात खरी वस्तू

वेल्डिंग शिकणाऱ्या मुलाचे सुरुवातीचे कित्येक दिवस हात बसवण्यातच जातात. रॉडचं टोक जॉबपासून, म्हणजे जोडायच्या तुकड्यापासून, किती लांब आहे, होल्डर किती कलला आहे, हात किती वेगाने पुढे सरकतो आहे, यावर बीड, म्हणजे वेल्डची रेघ, चांगलं येणार की नाही हे ठरतं. हा सराव व्हीआर हेडसेट घालून करता आला तर लोखंड वाया जात नाही, रॉड संपत नाहीत, आर्कचा डोळ्यांना त्रास होत नाही. त्यासाठी मुलाच्या हातात खऱ्या वजनाचा होल्डर हवा आणि तो या क्षणी नेमका कुठे आहे हे हेडसेटला कळायला हवं. रिकामी मूठ हवेत फिरवून वेल्डिंग येत नाही.

आजच्या हेडसेटला बरंच काही कळतं. खोलीच्या भिंती कळतात, हाताची बोटं कळतात, सोबत मिळालेला कंट्रोलर तर उत्तम कळतो. पण टेबलावरचा कप, भिंतीला टेकवलेली बॅट, सर्जनच्या हातातला चिमटा यांच्याबाबतीत तो अजून चाचपडतो आहे. पडद्याची स्पष्टता, वजन आणि किंमत यांची चर्चा भरपूर होते. व्हीआर करमणुकीच्या पुढे जाऊन हाताचं कसब शिकवू शकेल का, याचं उत्तर माझ्या मते या मागे पडलेल्या प्रश्नात आहे.

वस्तू ‘कळली’ असं म्हणायला सहा आकडे लागतात. तीन आकडे ती कुठे आहे ते सांगतात आणि तीन ती कशी वळली आहे ते. हे आकडे सतत ताजे मिळायला हवेत. मान वळवल्यावर डोळ्यांसमोरचं चित्र साधारण २० मिलिसेकंदांच्या आत बदललं पाहिजे, असा व्हीआरमधला संकेत आहे. हाताचं गणितही तितकंच कडक आहे. हात सेकंदाला एक मीटर या वेगाने चालला असेल आणि वस्तूची जागा ५० मिलिसेकंद उशिरा कळत असेल, तर दिसणारी वस्तू हातातल्या वस्तूच्या ५ सेंटिमीटर मागे राहते. ही फट बुजवायला प्रणाली आतापर्यंतच्या वेगावरून पुढची जागा आधीच ठरवून टाकते. हात सरळ जात असेल तर हा अंदाज जमतो. हातोडी खिळ्यावर आदळते तेव्हा, म्हणजे अचूकपणा सर्वांत जास्त हवा असतो नेमक्या त्या क्षणी, तो फसतो.

प्रश्न जुना आहे. आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर घालायचा पडदा मांडला तेव्हा डोकं कुठे आहे हे कळण्यासाठी तो छतातून लोंबणाऱ्या सांधेदार दांड्याला जोडला होता. सांधे किती वळले हे मोजलं की डोक्याची जागा मिळायची. अल्ट्रासाउंडचाही प्रयोग त्यांनी केला होता. दांड्याचा उपाय अचूक आणि तत्काळ, पण माणूस बांधलेला. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा सराव देणाऱ्या यंत्रांत आजही हाच मार्ग दिसतो. तिथे अवजारं तशीही एका ठरावीक छिद्रातूनच आत जातात, त्यामुळे त्या छिद्राशी सांधा आणि मोजणी बसवली की काम होतं. कामच एका जागी बांधलेलं असेल तर बांधलेलं ट्रॅकिंग उत्तम, आणि त्यात कमीपणा काही नाही.

दुसरा जुना मार्ग चुंबकीय. एक पेटी चुंबकीय क्षेत्र निर्माण करते आणि वस्तूवरचं छोटं वेटोळं ते मोजतं. अमेरिकेतल्या पोलहेमस कंपनीने वैमानिकांच्या हेल्मेटसाठी हे तंत्र वाढवलं. याचा मोठा गुण असा की हात, कापड, शरीर मधे आलं तरी बिघडत नाही. दोष दोन. अंतर दुप्पट झालं की क्षेत्र आठव्या हिश्शावर येतं, म्हणजे पल्ला लहान. शिवाय जवळपास लोखंड असेल तर आकडे वाकडे येतात. लिंकन इलेक्ट्रिक कंपनीच्या व्हीआरटेक्स या वेल्डिंग-सरावाच्या यंत्रात चुंबकीय ट्रॅकिंग आहे आणि म्हणूनच त्यातले जॉब प्लास्टिकचे असतात. स्पेनच्या सीबेरी कंपनीने सोल्डामॅटिकमध्ये वेगळी वाट धरली. टॉर्चवर आणि जॉबवर छापील खुणा लावल्या आणि मास्कमधल्या कॅमेऱ्याने त्या वाचल्या. काम एकच, वाटा दोन, आणि दोन्ही चालतात.

कॅमेऱ्यांच्या घराण्यात सर्वांत भरवशाची पद्धत सिनेमाच्या स्टुडिओत आणि चाल तपासणाऱ्या प्रयोगशाळांत दिसते. खोलीभर इन्फ्रारेड कॅमेरे लावायचे आणि वस्तूवर प्रकाश परत फेकणारे छोटे गोळे चिकटवायचे. विकॉन किंवा ऑप्टिट्रॅकची अशी खोली नीट बसवली तर चूक मिलिमीटरच्याही आत राहते. मेंदूच्या आणि मणक्याच्या शस्त्रक्रियांत दिशा दाखवणारी यंत्रणा याच तत्त्वावर चालते. तिथे प्रत्येक अवजारावर गोळ्यांची मांडणी वेगळी असते, त्यामुळे कॅमेऱ्याला जागेबरोबर ‘हे अवजार कुठलं’ हेही कळतं. खर्च आणि खोलीची अडवणूक सोडली तर या पद्धतीत खोट काढण्यासारखं फारसं नाही.

घरगुती पातळीवर खरा बदल २०१६ मध्ये एचटीसी व्हाइव्हबरोबर आला. त्यातली लाइटहाउस पद्धत व्हॉल्व्ह कंपनीच्या ॲलन येट्स यांच्या नावाने ओळखली जाते, आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे. खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेल्या पेटीत कॅमेरा नाही. आत सेकंदाला ६० फेऱ्या मारणारे रोटर आहेत आणि ते लेझरची उभी-आडवी पात खोलीभर फिरवतात. पहिल्या पिढीत प्रत्येक फेरीच्या आधी सगळ्या खोलीला एक इशाऱ्याचा लखलखाट मिळायचा. वस्तूवर बसवलेला प्रकाश-संवेदक तो लखलखाट झाल्यापासून लेझर आपल्यावर येईपर्यंतचा वेळ मोजतो, आणि वेळेवरून कोन निघतो. तीन मीटरवर ही पात सेकंदाला सुमारे ११३० मीटर या वेगाने सरकत असते. म्हणजे एक मायक्रोसेकंद मोजता आला की मिलिमीटरभर अंतर ओळखता येतं. असे अनेक संवेदक एकाच कवचावर असले, त्यांची आपापसातली मांडणी माहीत असली, की सहाही आकडे मिळतात. प्रतिमा नाही, चेहरा नाही, खोलीचा फोटो नाही. फक्त वेळ. इतकी स्वच्छ कल्पना या क्षेत्रात मला दुसरी दिसत नाही.

२०१७ मध्ये याच पद्धतीचा सुटा ट्रॅकर बाजारात आला. त्याला कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडला असतो तसाच स्क्रू बसतो, त्यामुळे तो रॅकेटवर, खेळातल्या बंदुकीवर, पायावर, कॅमेऱ्यावर, कशावरही लावता येऊ लागला. संशोधकांनीही तो उचलला. त्याच वर्षी नीहॉर्स्टर, ली आणि लापे यांनी व्हाइव्हची मोजणी तपासून एक महत्त्वाची गोष्ट नोंदवली. आकड्यांत थरथर फार कमी होती, पण प्रणालीने मानलेली जमीन खऱ्या जमिनीच्या तुलनेत किंचित कललेली होती, आणि ट्रॅकिंग मधेच तुटून परत सुरू झालं की तो कल बदलायचा. खेळात हे जाणवणार नाही. तोल सांभाळण्याचं मोजमाप करणाऱ्या फिजिओथेरपिस्टला ते जाणून घेणं भाग आहे. आकडा स्थिर असणं आणि आकडा बरोबर असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात बहुधा पहिलीच सापडते.

या सगळ्या साधनांच्या पोटात आणखी एक चिप असते. ती हलण्या-वळण्याचं मोजमाप सेकंदाला शेकडो वेळा करते. मग तीच पुरेशी का नाही? कारण ती जागा मोजत नाही, प्रवेग मोजते, आणि त्यावरून जागा काढताना चूक वेळेच्या वर्गाने वाढते. प्रवेगात सतत ०.०१ मीटर प्रति वर्गसेकंद इतकीच चूक धरली तर एका सेकंदात वस्तू अर्धा सेंटिमीटर सरकलेली दिसते, दहा सेकंदांत अर्धा मीटर आणि एका मिनिटात १८ मीटर. म्हणून ही चिप दोन दर्शनांमधला वेळ भरून काढते आणि वस्तू खरोखर कुठे आहे हे अधूनमधून प्रकाशाने किंवा चुंबकाने सांगावं लागतं.

२०१९ मध्ये ऑक्युलस क्वेस्ट आला आणि कोपऱ्यातल्या पेट्या नाहीशा झाल्या. हेडसेटवरचेच कॅमेरे खोली पाहून स्वतःची जागा काढू लागले. घालणाऱ्याची मोठी सोय झाली, पण हातातल्या वस्तूंच्या बाबतीत आपण एक पाऊल मागे गेलो असं मला वाटतं. लाइटहाउसच्या खोलीत कुठल्याही वस्तूला ट्रॅकर लावला की ती त्याच मोजणीत यायची. नव्या हेडसेटला आपल्या कपाळावरून दिसेल तेवढंच कळतं, आणि तिथेही ओळख फक्त स्वतःच्या कंट्रोलरची. मग लोक कंट्रोलरच बॅटला किंवा टेबल टेनिसच्या मुठीला बांधू लागले. हा जुगाड वाटला तरी स्वस्त आणि उपयोगी आहे. फक्त तोल बदलतो आणि कंट्रोलर पाठीमागे गेला की दिसेनासा होतो.

यावर २०२२ च्या क्वेस्ट प्रोच्या कंट्रोलरमध्ये आणि २०२३ च्या व्हाइव्ह अल्टिमेट ट्रॅकरमध्ये कॅमेरे थेट वस्तूवरच्या साधनातच बसवले गेले. ट्रॅकर स्वतःच खोली पाहतो आणि आपली जागा काढतो. पण असं साधन क्रिकेटच्या बॅटवर खपून जातं, स्काल्पेलवर नाही. अवजार जितकं नाजूक तितकं त्यावर काही लादणं अवघड, आणि शिकवण्याची गरज बहुधा नाजूक अवजारांचीच असते.

इथे एक व्यावहारिक अडचण सांगायला हवी, कारण नव्याने सुरुवात करणारे हमखास तिच्यात अडकतात. हेडसेट एका पद्धतीने मोजला जातो आणि वस्तू दुसऱ्या, असं झालं की खोलीचे दोन नकाशे तयार होतात. दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात, पण त्यांचा शून्यबिंदू आणि दिशा जुळत नाहीत. सुरुवातीला जुळवून घेतले तरी हेडसेटचा नकाशा वापराबरोबर थोडा थोडा सरकतो आणि अर्ध्या तासाने बॅट मुठीपासून दोन बोटं दूर दिसू लागते. चांगला उपाय म्हणजे एक ट्रॅकर हेडसेटलाच पक्का बांधून ठेवायचा, म्हणजे दोन नकाशांतला फरक सतत कळत राहतो. मुळात वापरणाऱ्याला खोलीतली नेमकी जागा नकोच असते. हात आणि वस्तू यांच्यातलं अंतर बरोबर असलं की त्याचं काम होतं.

आता वस्तूवर काहीही न लादता ती ओळखण्याकडे वळू. याची साधी पायरी म्हणजे छापील खूण. हिरोकाझू कातो आणि मार्क बिलिंगहर्स्ट यांनी १९९९ मध्ये एआरटूलकिट आणलं. जाड काळ्या चौकटीतली आकृती कॅमेऱ्याने पाहायची आणि चार कोपऱ्यांवरून तिची जागा काढायची. पुढे मिशिगन विद्यापीठातून एप्रिलटॅग आणि स्पेनच्या कोर्दोबा विद्यापीठातून अरुको आलं. खर्च फक्त कागदाचा. खूण लहान असेल आणि अगदी समोरून पाहिली तर कल नीट कळत नाही, आणि बोटाने एक कोपरा झाकला की साध्या पद्धती हात टेकतात. तरीही पेटी, ट्रे, टेबल यांच्यासाठी यापेक्षा सोपं काही नाही.

इतकी स्वस्त पद्धत घरगुती हेडसेटवर वर्षानुवर्षं वापरता आली नाही, याचं कारण धोरणात होतं. कॅमेरे हेडसेटवर होते, पण त्यांची प्रतिमा बाहेरच्या ॲपना दिली जात नव्हती. क्वेस्ट बनवणाऱ्या मेटाने ती २०२५ मध्ये परवानगीच्या अटीवर खुली केली. ॲपलने व्हिजन प्रोवर ती संस्थांच्या अंतर्गत वापरापुरती ठेवली. २०२५ मध्येच ओपनएक्सआर या सामायिक मानकात खुणा ओळखण्याची तरतूद आली. कंपन्यांची भीती मला पटते. हेडसेटचा कॅमेरा घरातली मुलं, कागदपत्रं, औषधांच्या बाटल्या, सगळं पाहतो. पण यावर ॲपल आणि मेटा दोघांकडेही अर्धामुर्धा दिसणारा एक चांगला मधला मार्ग आहे. ओळखण्याचं काम हेडसेटनेच करावं आणि ॲपच्या हाती चित्र न देता फक्त ते सहा आकडे द्यावेत. हा नियम सरसकट झाला पाहिजे असं मला ठामपणे वाटतं.

खुणेशिवाय ओळखायचं तर वस्तूचा त्रिमितीय आराखडा लागतो. कारखान्यांत व्हुफोरिया या सॉफ्टवेअरचे मॉडेल टार्गेट बरीच वर्षं असे चालतात. ॲपलने २०२४ च्या व्हिजनओएस २ मध्ये ही सोय दिली. आराखडा मॅकवर द्यायचा, काही तास प्रशिक्षण चालू द्यायचं आणि तयार झालेली फाइल ॲपमध्ये घालायची. वस्तू ताठ असावी, सहसा एका जागी असावी, सगळ्या बाजूंनी सारखी दिसू नये, अशी ॲपलची शिफारस आहे. संशोधन त्याच्या पुढे गेलं आहे. २०१७ च्या पोजसीएनएन या पद्धतीपासून २०२४ मध्ये एन्व्हिडियाने मांडलेल्या फाउंडेशनपोजपर्यंतच्या प्रवासात प्रत्येक वस्तूसाठी वेगळं प्रशिक्षण लागत होतं ते आता लागत नाही. आराखडा किंवा काही फोटो पुरतात. मात्र त्याला रंगाबरोबर खोली मोजणारा कॅमेरा आणि दणकट ग्राफिक्स कार्ड लागतं. बॅटरीवर चालणाऱ्या हेडसेटच्या चिपला हे झेपायला वेळ लागेल.

आपल्या स्वयंपाकघरातलं स्टीलचं फुलपात्र घ्या. ते स्वतःभोवती फिरवलं तरी चित्र बदलत नाही, त्यामुळे किती फिरलं हे सांगता येत नाही. ते चकचकीत असल्याने कॅमेऱ्याला त्याच्या अंगावर ते स्वतः कमी आणि समोरची खोली जास्त दिसते. खोली मोजणाऱ्या संवेदकाचा प्रकाशही त्यावरून भलतीकडे जातो. काचेच्या पेल्याचं दुखणं उलटं, त्याच्यातून मागचं सगळं दिसतं. कानाच्या कपाचं सोपं असतं, कान कुठे आहे यावरून फिरणं कळतं. पण तोच कान हाताच्या पकडीत गेला की आधार संपला.

पकड हा खरा गाभा आहे. वस्तू टेबलावर असताना ओळखणं आणि हातात असताना ओळखणं या दोन वेगळ्या समस्या आहेत. हात वस्तूचा बराच भाग झाकतो, वस्तू हाताची बोटं झाकते आणि दोघंही वेगाने हलतात. म्हणून संशोधक आता दोघांना एकत्र सोडवतात. बोटं अशी वळली असतील तर मधे अमुक जाडीचं काहीतरी असणार, आणि ती जाडी माहीत असेल तर बोटं यापेक्षा जास्त मिटू शकत नाहीत. त्यासाठी एचओ-३डी, डेक्सवायसीबी यांसारखे हात-वस्तूंचे संग्रह तयार झाले. माझा अंदाज असा की ठेवलेल्या वस्तूंचा प्रश्न कॅमेरा लवकरच सोडवेल. हातात फिरणाऱ्या वस्तूला मात्र पुढची काही वर्षं तरी काहीतरी चिकटवावंच लागेल.

कित्येकदा ट्रॅकिंग टाळणंच शहाणपणाचं ठरतं. युरोपच्या हवाई सुरक्षा संस्थेने २०२१ मध्ये व्हीआरवर चालणाऱ्या प्रशिक्षण-यंत्राला पहिल्यांदा मान्यता दिली, ते स्वित्झर्लंडच्या व्हीआरएम कंपनीचं रॉबिन्सन आर-२२ हेलिकॉप्टरचं होतं. त्यातले दांडे आणि बटणं खऱ्यासारख्या कॉकपिटमध्ये पक्की बसवलेली आहेत, त्यामुळे त्यांना शोधत बसावं लागत नाही. पियानोही जागचा हलत नाही, पट्ट्या कुठे आहेत हे एकदा दाखवलं की झालं. शिवाय क्वेस्ट ३ सारख्या हेडसेटमधून बाहेरचं रंगीत दृश्य दिसत असल्याने चहाचा कप नुसता एका झरोक्यातून दाखवून देता येतो.

आणि अचूकपणा तरी किती हवा? नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या मीहान, इन्स्को आदींनी २००२ मध्ये आभासी खड्ड्याच्या काठावर उभ्या माणसांच्या हृदयाची गती मोजली. पायाखाली खरोखरची दीड इंच उंच लाकडी फळी ठेवली तेव्हा भीतीची प्रतिक्रिया वाढली. खरा स्पर्श थोडासा जरी मिळाला तरी बाकीचं मन भरून काढतं. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी एकाच खऱ्या ठोकळ्याला तीन आभासी ठोकळ्यांच्या जागी वापरून दाखवलं. दिसणारा हात हळूच वळवला की माणूस नकळत खरा हात त्या खऱ्या ठोकळ्याकडे नेतो. डोळा स्पर्शावर मात करतो. म्हणजे अनुभवासाठी सेंटिमीटरची चूक खपते. कसब शिकवायचं असेल तर मात्र हीच गोष्ट घातक ठरते, कारण डोळ्याने फसवलेला हात चुकीची सवय लावून घेतो.

ठाण्याची अज्नालेन्स, चेन्नईची स्किलवेरी अशा कंपन्या आपल्याकडे कौशल्य-प्रशिक्षणासाठी अशी साधनं बनवतात. संस्थेसाठी खरेदी करणाऱ्या प्राचार्यांना माझी कळकळीची विनंती आहे की नुसतं प्रात्यक्षिक पाहून सही करू नये. टेबलावर पट्टीने ३० सेंटिमीटर अंतराच्या दोन खुणा कराव्यात, अवजाराचं टोक एका खुणेवरून दुसरीवर न्यावं आणि यंत्र किती म्हणतं ते पाहावं. मग तेच खऱ्या कार्यशाळेत, लोखंडी टेबलाजवळ आणि खिडकीच्या उन्हात करावं. अवजार हाताने झाकून पाहावं, आणि अर्ध्या तासाने सगळं पुन्हा मोजावं. एवढ्या तपासणीला एक दुपार पुरते.

शेवटी सहा आकड्यांत न मावणाऱ्या वस्तू उरतात. कात्रीला सातवा आकडा लागतो, ती किती उघडली आहे याचा. पकडीचं, चिमट्याचं तसंच. तिथे छोटा संवेदक बसवून निभावतं. पण कणकेचा गोळा, साडीची निरी, टाका घालताना सुईमागून येणारा दोरा यांना ठरलेला आकारच नाही. पोजसीएनएन किंवा फाउंडेशनपोज यांनी ताठ वस्तूंसाठी जे केलं ते इथे लागू होत नाही, कारण आराखडा दर क्षणी बदलतो. आजच्या सराव-यंत्रांत सुई धरण्याची पकड खरी ठेवतात आणि दोरा गणिताने काढतात. त्यामुळे दिसणारी गाठ बसते, पण दोऱ्याचा ताण बोटांना कळत नाही. पाककला, शिवणकाम आणि शस्त्रक्रिया यांतला मोठा भाग याच प्रकारच्या वस्तूंचा आहे, आणि त्यावरचं काम अजून प्रयोगशाळेतच आहे.